शिवेवर सोडलेला गाडा

बोरखडी खुर्द
९ ऑक्टोबर १९९४

अक्का,

पत्र हातात घेतलंस की दाजी म्हणतील, त्या उघड्या गावचा कागद हाय, चुलीत घाल. घालू नको. आधी वाच, मंग साबणानं हात धू, राखेनं धू, वाटलं तर अंघोळ कर. वढ्याच्या ह्या काठाला उभी राहून मी हाक मारली तर तुझ्या अंगणात ऐकू जाईल. पण तुमच्या बुद्रुकच्या लोकांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकून ठेवल्या, म्हणून एका हाकेवरचं पत्र राजूरच्या पोस्टातून फिरून येऊन राह्यलं.

तुझा संपत माझ्याकडं हाय. ताप उतरला. वरणाचं पाणी पीत होता, आज अर्धी भाकर खाल्ली. हे पहिलं सांगितलं, कारण दाजींनी तुला काय सांगितलं मला ठाऊक न्हाई, अन् तू विचारायची हिंमत केली असशील असंही वाटत न्हाई.

आता ऐक. सुरतेत प्लेग आला तसे कापडाचे लूम बंद पडले अन् तिथं कामाला असलेली पोरं मिळंल त्या गाडीनं पळाली. तुझा पोरगा भुसावळपर्यंत डब्याच्या दारात उभा राहून आला, तिथून ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांवर बसून भोकरदनला, तिथून पायी. अंगात ताप. अन् आपल्या गावाच्या तोंडाशी आला तर पुढं काट्या. काट्यांच्या पलीकडं त्याचाच बाप, गावचा पोलीस पाटील, तोंडाला रुमाल बांधून उभा. बाप लांबूनच म्हणाला, "ठराव गावाचा हाय. माझ्या घरचा म्हणून तुला सूट न्हाई." लई मोठा न्याय केला दाजींनी. परक्याला पाणी तरी विचारत्यात, अक्का.

लेकरू वढ्याचं पाणी पिऊन शिवेवरच्या बाभळीखाली पडून राह्यलं. दिवस कलल्यावर तुमच्या गावातून हलग्या वाजवत मरीआईचा गाडा आला. रोग आला की गाडा सजवायचा, घरटी नैवेद्य अन् हिरव्या बांगड्या ठेवायच्या, शिवेवर नेऊन सोडायचा अन् मागं वळून न बघता घरी परतायचं, मंग पुढच्या गावानं तो त्याच्या पुढच्या शिवेवर लोटायचा, ही रीत मला कुणी शिकवू नका. माहेरी मी पण गाड्यामागं नाचलेली हाय. पण गावचंच पोरगं तापानं फणफणत पडलेलं डोळ्यांनी दिसत असताना त्याच्या शेजारी गाडा उभा करायचा अन् मागं न बघता निघून यायचं, हा नेम देवीचा होता का तुमच्या सोयीचा, ते एकदा दाजींना विचार.

आमच्या गावची माणसं गाडा पुढं लोटायला गेली तव्हा मी पण गेल्ते. सरपंच काकासाहेबांना घाई झाल्ती, अंधार पडायच्या आत जल्दी राजूरच्या वाटेला लावा म्हणत होते. तेवढ्यात मालकांनी बाभळीखाली संपतला ओळखलं. सगळे मागं सरकले. खोटं कशाला सांगू, मी पण सरकले. मंग माझी मलाच लाज वाटली अन् गाड्यातल्या देवीकडं बोट करून मी बोलून गेले, "दिवेलागणीला दारात आलेली बाई आपण पुढच्या घरी हाकलतो का? हिची ओटी भरा अन् गावात घ्या."

मालकांनी संपतला उचलून गाड्यावर ठेवलं, देवीच्या बाजूला, अन् दांडी धरली. मंग काकासाहेब दुसऱ्या दांडीला लागले. तुमच्या गावानं जे जे टाकलं ते सगळं आम्ही ओढत गावात आणलं. गाड्यावर नैवेद्याचं एक फडकं रिकामं पडल्तं, कुत्र्यानं खाल्लं म्हणून बायका अपशकुन काढायला लागल्या. मी म्हटलं, कुत्र्याला पण भूक असती. फडकं कुठं गेलं ते मंग कुणी बघितलं न्हाई.

आता आमच्या गावात असं चालू हाय. बाहेरून आलेलं माणूस शेतातल्या आखाड्यावर, खोपीत राहतं, घरचं कुणीतरी भाकर घेऊन जातं अन् त्याच्याजवळ बसतं. बाकी गाव बराबर चालू. शाळा भरती, चक्की चालती, बाजाराला कुणाला मनाई न्हाई. आज्याच्या वक्ताला प्लेग आल्ता तव्हा सगळं गावच रानात राह्यला गेल्तं. दुखणाईताला एकटा बाहेर टाकून गाव आत बसलं, असं आजी सांगत नव्हती. मालक संपतजवळ आखाड्यावरच झोपतात. तुमच्या गावात आम्हाला येडे म्हणून राह्यले, ते ऐकलं. म्हणू द्या.

तुझी, अजून तरी बहीण,
बेबीनंदा


बोरखडी खुर्द
४ डिसेंबर १९९४

अक्का,

मालकांच्या तेराव्याला तू आली न्हाईस. दाजींचं मी धरत न्हाई, तुझं धरते. वाटेवरच्या काट्या कव्हाच निघाल्या, तुमच्या गावची म्हैस सुद्धा इकडं चरून जाती.

तू आली न्हाईस, पण तुझा निरोप आला. पुष्पाबाई कासारीण दोन्ही गावांत बांगड्या भरती, तिच्या तोंडून. तू म्हणालीस म्हणे, "तिच्या उघड्या गावानं तिचं कपाळ उघडं केलं." पुष्पाबाईला सांगतानाच रडू फुटलं. मला न्हाई फुटलं. मी तिला चहा केला अन् वाटंला लावलं.

तर आता तुला पुरता हिशोब देते, म्हणजे कासारणीकडून अर्धामुर्धा ऐकायला नको. दिवाळी झाल्यावर मालकांना थंडी वाजून ताप भरला. जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, हिवताप हाय अन् तो मेंदूत चढला. मी तोंडावर विचारलं, प्लेग हाय का. ते म्हणाले, बिलकुल न्हाई. पण डास आखाड्यावरचे होते, अन् मालक आखाड्यावर झोपत होते ते तुझ्या संपतच्या सोबतीला. हे पण मीच लिहिते, तुला शोधायला जायला नको.

आता म्हण, मी सांगत होते. म्हणून घे एकदा मन भरून. मालक घरात झोपले असते तर जगले असते का, हे मी रोज स्वतःला विचारते, अन् रोज मला कबूल करावं लागतं की जगले असते बहुतेक. पण ते तसे घरात झोपले असते तर ते आपले मालक नसते, दुसराच कुणी बाप्या असता. त्याच्यासाठी मी एवढी रडले नसते.

संपत ओसरीच्या कोपऱ्यात तोंड खाली घालून बसल्ता. मावशे, मी जातो म्हणाला. मी विचारलं, कुठं? मंग मी त्याच्या हातात गोफण दिली अन् म्हटलं, ज्वारीवर पाखरं उतरली, जा. तो गेला. त्या दिवसापासून शेत तोच बघतो.

बेबीनंदा


बोरखडी खुर्द
२० जून १९९५

अक्का,

दाजींची शाल पाहिली. रंग बरा हाय.

राजूरच्या त्या सत्काराच्या मेळाव्याला मी मागं बायकांत बसल्ते, तुला कुणी सांगितलं असेलच. तालुक्याचे साहेब म्हणाले, प्लेगाच्या साथीत बोरखडी बुद्रुकनं गाव बंद ठेवून सगळ्यांना धडा घालून दिला, अन् काही गावांनी ढिलाई केली. ढिलाई म्हणताना आमच्या काकासाहेबांकडं बघितलं. काकासाहेब बिचारे चप्पल बघत बसले. माझं डोकं फिरलं.

मी उठले. मी म्हटलं, साहेब, बंद गावात प्लेग आला न्हाई अन् उघड्या गावात पण आला न्हाई. मंग शाल उंदरांना द्या, तेच आले न्हाईत. सगळी हसली. दाजी सोडून. मंग मी बोलले, बुद्रुकमध्ये तुळजाबाईच्या सुनेचे दिवस भरल्ते, सिस्टर राजूरहून पायी आल्ती, तिला काट्यांपासून परत फिरवली. ते लेकरू गेलं. त्याची शाल कुणाच्या खांद्यावर? तव्हा कुणी हसलं न्हाई.

साहेब माणूस वाईट नव्हता. चिडला न्हाई. शांतपणे म्हणाला, "बाई, समजा, आलाच असता तर?"

अन् मी खाली बसले, अक्का. तुला सांगायला मला कमीपणा न्हाई. त्या 'तर'चं उत्तर माझ्यापाशी तव्हा नव्हतं. बैलगाडीत बसून घरी येईपर्यंत नव्हतं. काकासाहेब मला म्हणाले, बाई झक्कास बोललात, तरी माझं तोंड कडूच.

आता हाय उत्तर. आला असता तर आमचं गाव बसलं असतं, अन् तुमचं शहाणं ठरलं असतं. आमचं नशीब चांगलं, त्याला मी अक्कल म्हणणार न्हाई. पण तुमचं पण नशीबच होतं, अन् तुम्ही त्याची शाल पांघरून बसलात. कोंबडं झाकल्यानं उजाडायचं राहत न्हाई. तुमच्या काट्यांवरून माणसं चढली न्हाईत, उंदीर तर खालून जात होते ना? मंग काट्यांनी अडवलं कुणाला? तुळजाबाईच्या सुनेच्या सिस्टरला अन् तुझ्या लेकाला. मला पुन्हा कुणी विचारलं, पुन्हा तसंच करशील का, तर करीन. मालक गेले हे माहीत असून करीन. फक्त आखाड्यावर मच्छरदाणी नेईन.

अन् तुझा दुसरा निरोप पण पोचला. बिनलेकराच्या बाईला रोग पावला म्हणालीस. हो, पावला. तुम्ही टाकला, मी उचलला. संपत माझ्याकडं जेवतो, माझ्या शेतात राबतो, माझ्या दुखण्याला पाय चेपतो. तो परत का येत न्हाई ते त्याला विचारायला ये. मी त्याला दावणीला बांधलेलं न्हाई.

बेबीनंदा


बोरखडी खुर्द
११ एप्रिल १९९७

अक्का,

संपतचं लग्न ठरलं. राजूरच्या रखमाजीची धाकटी पोरगी. बोलकी हाय, हसती, कामाला वाघीण. पत्रिकेवर आईबाप म्हणून तुमची दोघांची नावं छापली. संपतनंच सांगितलं तसं. मी वाकडं तोंड केलं, पण छापली. पत्रिका काकासाहेबांनी दाजींच्या हातात नेऊन दिली, दाजींनी ती दिवळीत ठेवली अन् पाऊसपाण्याच्या गप्पा केल्या, हे पण कळलं.

मी हे पत्र आमंत्रणाचं लिहीत न्हाई. काल एक गोष्ट झाली, म्हणून लिहिते.

काल हळदीचं सामान काढून ठेवत होते. नवरदेवाचा नारळ बांधायला कापड पाहिजे होतं, मी नवं काढलं. संपत म्हणाला, थांब. आपली पत्र्याची पेटी उघडली, तळातून एक फडकं काढलं अन् माझ्या हातात दिलं. ह्याच्यात बांध म्हणाला. निळं, बारीक चौकड्याचं. धुऊन धुऊन विरलेलं. मी बघतच राह्यले. पंचमीला माहेरी गेल्तो तव्हा मायनं आपल्या दोघींना एकाच ठाणातलं लुगडं घेतल्तं, त्याचा तुकडा. माझ्या लुगड्याची मी कव्हाच गोधडी केली. म्हणजे हा तुझ्या लुगड्याचा.

मी विचारलं, हे कुठलं?

म्हणाला, गाड्यावरचं.

मी म्हटलं, ते नैवेद्याचं? कुत्र्यानं खाल्लेलं?

तो हसला. म्हणाला, "कुत्रा मीच, मावशे. धपाटे होते. लसणाची चटणी होती, तीळ जास्त घातलेली. देवीला कुणी लसूण ठेवतं का?"

अक्का, एवढी वर्षं मी तुला दगड म्हणत होते. मनात पण अन् चारचौघींत पण. अन् तू दाजींच्या डोळ्यांदेखत, सगळ्या गावादेखत, मरीआईच्या नैवेद्यात लपवून लेकराला धपाटे धाडले. पकडली गेली असतीस तर गावानं तुला काय केलं असतं, ते मला सांगायला नको. देवीचा कोप तुझ्या माथी मारला असता. एवढी भित्री तू, लहानपणी चिमणी धरायला भ्यायचीस.

मी संपतला विचारलं, मंग तुला ठाऊक होतं तर इतकी वर्षं गेला कामून न्हाईस? एक शब्द बोलला कामून न्हाईस?

तो फडक्याची घडी घालत होता. वर न बघता म्हणाला, "धपाटे आले, मावशे. माय न्हाई आली."

आता ऐक. तुला वाटेल हे कळलं म्हणून बेबीनंदाचा राग गेला. न्हाई गेला. उलटा वाढला. दगड असतीस तर मी तुला सोडून दिलं असतं. पण जिला एवढी हिंमत झाली, तिला आणखी वढ्यापर्यंत यायची न्हाई झाली? गाव मागं वळून बघत नव्हतं, सगळ्यांच्या पाठी होत्या तुझ्याकडं. तुला कोण बघणार होतं, अक्का? ह्याच्याइतकी सोय देवीनं पुन्हा कव्हा केली असती?

राजूरला जायला आम्हाला सरळ वाट हाय. पण नवरदेव हट्टाला पेटला, वऱ्हाड वढ्यावरून न्यायचं म्हणतो. काकासाहेब चिडले, म्हणाले बैलांना त्रास अन् मुहूर्त टळायचा. संपत म्हणतो टळू दे. दोन मेला, दिवस कासराभर वर आला की तो बाभळीखाली उतरून बसणार हाय. कुणाची वाट बघणार ते मी विचारलं न्हाई अन् त्यानं सांगितलं न्हाई.

तू आलीस की तो तुझा होईल. हे मला बराबर कळतं, मी खुळी न्हाई. माझ्या ओसरीवर मंग मी अन् मांजर. तरी लिहिते.

धपाटे धाडू नको. घेऊन ये.

बेबीनंदा


बोरखडी खुर्द
६ मे १९९७

अक्का,

लग्नाच्या गडबडीत आपण वढ्यावर नीट भांडलो पण न्हाई, म्हणून उरलेलं पत्रात.

पहिलं म्हणजे, सगळं वऱ्हाड, वाजंत्री, उन्हात तापलेले बैल अन् मुहूर्ताची घाई असताना तू पाण्यात उभी राहून 'गाव बंद ठेवलं ते बराबरच होतं' असं मला सुनवायला लागलीस, ही काही वेळ होती का? मी पण सोडलं न्हाई, ते जाऊ दे. तुझा पदर पाण्यात भिजत होता अन् माझा आवाज राजूरपर्यंत गेला असेल. काकासाहेब म्हणत होते, बायांनो, आधी लग्न लावा, प्लेगचं मागून बघू. अन् ज्याच्यावरून भांडत होतो, तो बाभळीखाली मांडी घालून, बाशिंग वर सारून, तुझा डबा उघडून धपाटे खात होता. चटणी बाशिंगाला लागली. फोटोत दिसणार.

दाजी पलीकडच्या काठाला उभे होते. मला दिसले. संपत त्यांच्या पाया पडायला पाण्यातून गेला तव्हा त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं त्याच्या बाशिंगाची चटणी पुसली, ते पण दिसलं. मी त्यांना माफ केलेलं न्हाई. संपतनं केलं असेल तर ते त्याचं त्यानं बघावं.

तू मला काय म्हणालीस ते मी घरी येऊन पुन्हा पुन्हा मनात घोळवून राह्यले. मी म्हटलं होतं, उद्या तसाच रोग आला तर पुन्हा काट्या टाकशील ना? मला वाटलं तू रडशील न्हाई तर गप बसशील. तू डोळे वटारून म्हणालीस, "टाकीन. गाव वाचवायचं तर टाकाव्याच लागतील. पण ह्या बारीला मी काट्यांच्या बाहेर बसंन."

साहेबापुढं एकदा बसले होते खाली, तशीच झाले. नंतर लग्नात अक्षता टाकताना सुचलं, की तू काट्यांच्या बाहेर बसलीस तर मी तुला आत ओढून आणीन, आमच्या गावात. पण तव्हा तू बायकांत बसून सूनबाईच्या बांगड्या बघत होतीस.

परवा संपत सुनेला घेऊन तुमच्याकडं आला, राह्यला. चांगलं झालं. घर मोकळं मोकळं लागतं, मांजर पण त्याच्या बाजेवर जाऊन झोपतं. तो म्हणाला, पेरणीला येतो. ये म्हटलं. न्हाई आला तर मजूर लावीन, त्याला सांगू नको.

तुझा डबा माझ्याकडं राह्यला. घासून पुसून ठेवला. पुष्पाबाई उद्या तुमच्याकडं बांगड्या भरायला निघाली, तिनं विचारलं, डबा देऊ का नेऊन. मी न्हाई म्हटलं.

डबा मी धाडणार न्हाई. न्यायला ये.

बेबीनंदा